एवढ्या बर्फाला भुसा किती?

मंडळी, आज हिंगोली स्टँडवर दोन मास्तर भांडत होते. एक म्हणे, ध्रुवावरची पांढरी अस्वलं वाढली. दुसरा म्हणे, "काहून वाढतील? बर्फ पाघळून राहिला!"

मला सत्तरच्या दशकातली कुरुंद्याची शाळा आठवली. आम्ही बर्फ पाहिलेला तो फक्त बर्फ विकणाऱ्या सलीमचाचांच्या सायकलवर, पाघळू नये म्हणून लाकडाच्या भुशात झाकलेला. गुरुजींनी अस्वलाचं चित्र दाखवलं. "याच्या पायाखाली अख्खा समुद्र गोठलाय." आम्ही आ वासून बघतच राहिलो.

माझी मैत्रीण शेवंता म्हणाली, "गुरुजी, एवढ्या बर्फाला भुसा किती लागत आसंल?"

वर्ग हसला. गुरुजी हसले न्हाईत. "भुसा कशाला, पोरी? तिथला बर्फ कधी पाघळतच न्हाई."

आज स्टँडवरचा मास्तर म्हणतो, पाघळून राहिला. शेवंताला आता काय सांगू?