मऊ गोळी

लग्न होऊन कर्जतकडच्या त्या माळावर नांदायला गेले, तेव्हा सासूबाईंचा राग माझ्या वाट्याला येणार, असं धरूनच चालले होते. पण त्यांचा सगळा राग मामंजींच्या रायफलीने आधीच घेऊन टाकला होता. आदल्या वर्षी हरभऱ्यात शिरलेल्या काळविटावर मामंजींनी गोळी झाडली, ती आरपार गेली आणि जनावर तसंच पळालं. पुढे ते ओढ्यात मेलेलं सापडलं, तेही सासूबाईंनाच. तेव्हापासून त्या नवऱ्याशी कामापुरतंच बोलत. यंदा हरणांचा कळप पुन्हा पहाटेचा हरभऱ्यावर तुटून पडू लागला, तेव्हा त्यांनी बजावलं, जनावर तडफडलं तर मी माहेरी निघून जाईन. माहेरी आता कुणी उरलं नव्हतं, पण धमकी ती धमकी.

मग मामंजी नगरला निघाले. माझं माहेर तिथलंच, म्हणून मीही सोबत गेले. बंदुकांच्या दुकानदाराने काचेवर दोन गोळ्या ठेवल्या. एक सगळी तांब्याने मढवलेली, टणक, आरपार जाणारी. दुसरीच्या टोकाला उघडं शिसं. ती आत शिरली की पसरते आणि हरीण जागीच पडतं, असं तो म्हणाला. भेंडीचं टोक मोडून बघावं तसं मामंजींनी शिशाला नख लावून पाहिलं आणि तीच घेतली.

घरी येऊन त्यांनी जाहीर केलं, यंदा मऊ गोळी. सासूबाईंचा चेहरा खुलला. चुलीपाशी त्यांनी मला हळूच विचारलं, "मऊ म्हंजी लागत न्हाई ना त्याला?"

मी खरं ते सांगितलं. मऊ गोळी जास्त फाडते, म्हणूनच लवकर मारते.

"म्हंजी गोडबोल्या मानसावानीच की ती," त्या म्हणाल्या. "ऱ्हाऊ दे. मऊ गोळी मीच करते."

त्यांनी काळी माती मळून गोफणीसाठी गोळ्या वळल्या आणि उन्हात वाळवल्या. ठरलं असं, की आधी गोफण. हरणं हटली नाहीत तर रायफल, आणि मग सासूबाईंनी शब्द काढायचा नाही.

पहाटे मामंजी मांडीवर रायफल घेऊन बांधावर बसले. मी चहाची किटली घेऊन मागे. काळविटाने आमच्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा हरभऱ्यात तोंड घातलं. सासूबाईंनी गोफण गरगरा फिरवून सोडली. गोळी थेट त्याच्या बरगडीवर बसली. त्याने उंच उडी घेतली आणि अख्खा कळप त्याच्यामागे माळापार झाला.

सासूबाईंच्या हातून गोफण गळाली. "आवं, लागलं का वो त्याला?"

मामंजींनी रायफलीतली गोळी काढून खिशात टाकली. "मऊ हुती की," ते गंभीरपणे म्हणाले. "कशी लागंल?"

सासूबाईंनी आधी डोळे वटारले, मग पदर तोंडाला लावून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. घरी परतताना दोघं वाटभर बोलत होती. माझा चहा कुणी मागितलाच नाही.