लिफ्टमधला प्रामाणिक नायक

जुईनगरच्या आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये मी एकदा मेलो आहे. निदान सात मिनिटं माझी तशी खात्री होती.

त्या दिवसांत माझी मुलगी मुक्ता मला ॲनिमे दाखवत होती. (कार्टून म्हटलेलं तिला चालत नाही.) त्यात माणूस मरतो आणि तलवारी-राक्षसांच्या जगात पुन्हा जन्मतो. नायक दोन जातीचे. एक, वाया गेलेला जन्म आठवून रडणारा आणि नवा नीट जगणारा. दुसरा, राजानं तलवार दिली तर वॉरंटी विचारणारा. मुक्ताला दुसरा आवडायचा. मला पहिल्यासाठी रुमाल लागायचा.

रविवारी आम्ही दोघं सहाव्या मजल्यावरून खाली निघालो आणि वीज गेली. लिफ्ट हिसका देऊन थांबली. मिट्ट काळोख. आपण चौथ्या मजल्यावर लटकतोय, असा माझा हिशेब. मुक्ता म्हणाली, "बाबा, पुढच्या जन्मी वायफाय आहे का बघून घ्या."

मला हसू येईना. मी तिचा हात धरला आणि सगळं कबूल करून टाकलं. तिची आई माझ्या गुडघ्यांसाठी दर हिवाळ्यात मेथीचे लाडू करते, ते मी खात नाही, वॉचमनला देतो. एकदा तर तिची पाठ वळताच एक लाडू कुंडीत पुरला. आणि मुक्ताच्या स्कूटरवरचा ओरखडा पाण्याच्या टँकरवाल्यानं नाही, मीच पाडलाय.

थट्टेखोर नायिका एकदम गंभीर झाली. "बाबा, मी त्या टँकरवाल्याशी भांडून आले होते."

तेवढ्यात बाहेरून, माझ्या कमरेच्या उंचीवरून, वॉचमन म्हात्रेंचा आवाज आला. "साहेब, घाबरू नका. आन् त्ये लाडू मी पन नाय खाल्लं. बोकराला घातलं."

दार उघडलं. लिफ्ट तळमजल्यापासून जेमतेम दोन फूट वर होती. समोर म्हात्रे, निम्मी सोसायटी, आणि भाजीची पिशवी घेऊन आमची सौ.

तिनं शांतपणे म्हात्रेंना विचारलं, "बोकडाचे गुडघे कसे आहेत?"

"एकदम फस्क्लास, मॅडम."

मग ती जिन्यानं सहा मजले चढून गेली. मी मागोमाग गेलो, तिसऱ्या मजल्यावर धापा टाकत बसलो. ओरखड्याबद्दल टँकरवाल्याची माफी मागायला मुक्तानं मलाच पाठवलं.

हल्ली मी लिफ्टकडे येताना दिसलो की शेजारी दार धरून थांबतात. माझ्यावरच्या प्रेमानं नव्हे. वीज जाईल, अशी त्यांना आशा असते.