अण्णांच्या मडक्यांतला ताप

तापात मैनाच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं आणि तिसऱ्या दिवशी पोर गेली. १९८५चा मार्च होता. तिची आई गोदा रत्नागिरीजवळ अण्णांच्या बागेत पाणी घालायला जायची. आंब्याच्या प्रत्येक कोवळ्या कलमाशेजारी एक मडकं पुरलेलं. ते भरलं की ओल झिरपत राही. मैना तिथेच खेळायची.

तेराव्याला चारचौघांत अण्णा म्हणाले, "आईचं लक्ष नको? कैऱ्या खाऊन खाऊन पोरीला उष्णता झाली."

 दुसऱ्या दिवसापासून गोदाने बागेतलं काम सोडलं.

हिवताप खात्याच्या सखारामने आजारातच मैनाचं रक्त घेतलं होतं. मडक्यांपाशी धरलेले डास आणि ते रक्त त्याने बर्फात घालून पुण्याच्या प्रयोगशाळेत पाठवलं. गोदा त्याला दर सोमवारी वाटेत गाठायची.

"आलं काय रं?"

"गोदावैनी, ती काय मनिऑर्डर हाय?"

वर्ष गेलं. गोदा रोज बागेच्या दगडी गडग्याबाहेर उभी राहून मडकी बघायची. आता ती गोदाच्या जागी आलेली जनी भरत होती, काखेत तान्हं घेऊन.

मग पुण्याहून कागद आला. सखारामने समजावलं, "डेंगी. मैनाच्या रक्तातला विषाणू नि मडक्यांपाशच्या डासांतला, दोन्हींच्या जनुकांचे तुकडे पाडून ठसे काढले. ठसे जुळले. एकाच घरचे दोघं."

"कुणाच्या घरचे?"

"ते नाय लिवलेलं."

"ते मी सांगते."

आंबा उतरवायला गडी जमले होते, तेव्हाच ती बागेत शिरली. अण्णांनी कागद वाचला.

"डास काय मी पाळलेत, गोदे?"

"पाणी तुमचं, मडकी तुमची. पोर माजी व्हती. कैऱ्यांनी नाय मेली, म्हणा."

"बरं बाई, कैऱ्यांनी नाही."

"तेराव्याला बोललात तेवढ्या मोठ्यानं."

गडी हातातलं काम टाकून बघत होते. अण्णांनी तेच मोठ्याने म्हटलं. आता ही जाईल, असं सगळ्यांना वाटलं. गोदाने पहार उचलली, पहिलं मडकं उकरलं आणि तापलेल्या कातळावर आपटलं.

"कलमं मरतील, गोदे!"

"मरूंदेत."

जनीने तान्हं सावलीत ठेवलं आणि दुसरं मडकं धरलं.

कातळावर सांडलेल्या पाण्यात अळ्या वळवळत होत्या. शेवटची हलायची थांबेपर्यंत गोदाने त्यांच्यावरची नजर काढली नाही.