रोटरची कूस

उपकरण-खोलीतल्या एसीची घरघर आधी दूर जाते, मग अगदी बंद होते. उत्पलाच्या लक्षात येतं की एसी चालूच आहे, तीच कुठेतरी खाली उतरते आहे. दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं झालीत. तिने डावा गाल टेबलावर ठेवलेल्या हातावर टेकवला आहे. समोर संगणकावर अहवाल उघडा आहे. त्यातले सगळे रकाने भरलेत, 'मूळ कारण' हा एकच रिकामा आहे. पाच वाजेपर्यंत तो भरून पाठवायचा आहे.

पांढरीपांडे साहेब जेवणाच्या सुट्टीआधी दारात येऊन सांगून गेलेत.

"अहो देशभ्रतार मॅडम, एवढा कसला विचार चाललाय? 'हाताने फिरवण्यात कुचराई.' एक ओळ आहे ती! लॉगबुकात तीन घरं रिकामी दिसताहेत. आणखी काय पाहिजे?"

"पण सर, डोमाजीकाका असं कधी..."

"डोमाजी गेला बिचारा. त्याला आता कोण मेमो देणार? जिवंत माणसाचं नाव घातलं की चौकशी आली, कमिटी आली. उगाच कुणाची तरी नवी नोकरी नासवायची."

हे बोलताना ते तिच्याकडे बघत नव्हते. म्हणजे खरं काय ते त्यांना ठाऊक असावं, किंवा मग अजिबातच नसावं. उत्पलाला दोन्ही शक्यता सारख्याच वाटल्या, आणि दोन्हींचं तिला काहीच वाटलं नाही.

हा कारखाना चंद्रपूर जिल्ह्यातला, लोखंड बनवणारा. भट्टीतला तापलेला धूर पूर्वी सरळ चिमणीतून आकाशात जायचा. आता त्याच धुरावर पाण्याची वाफ करतात, वाफेवर टर्बाइन फिरतं आणि वाया जाणाऱ्या उष्णतेची वीज होते. उत्पला वर्ध्याहून भौतिकशास्त्राची पदवी आणि वर ऊर्जेचा एक अभ्यासक्रम करून इथे आली त्याला चौदा महिने झाले. सध्या टर्बाइन उघडं पडलं आहे. त्याच्या पोटातला रोटर, म्हणजे पात्यांचा लांबलचक दांडा, नागपूरच्या वर्कशॉपात गेला आहे. तो मध्यभागी अकरा शतांश मिलिमीटर वाकला आहे, केसाच्या जाडीहून थोडा जास्त.

टर्बाइन बंद केलं की तापलेला रोटर एका जागी ठेवायचा नसतो. वरची बाजू गरम राहते, खालची निवते, आणि दांडा वाकतो. म्हणून तो निवेपर्यंत एक छोटी मोटर त्याला हळूहळू फिरवत राहते. त्या दिवशी ती मोटर जळली. मग दर दहा मिनिटांनी मोठ्या पान्याने रोटरला हातानेच अर्धा फेरा द्यायचा. खडूची खूण वर आली की लॉगबुकाच्या घरात 'व' लिहायचं, खाली गेली की 'ख'. डोमाजी येरगुडे, कारखान्यातला सगळ्यात जुना फिटर, याला फेरा म्हणत नसे. तो म्हणायचा, कूस बदलायची.

अकरा दहाला 'व' आहे. मग तीन घरं रिकामी आहेत. अकरा पंचेचाळीसला 'ख' आहे.

त्या पस्तीस मिनिटांत काय झालं ते दोघांनाच ठाऊक होतं. उत्पलाला रोटरजवळ नवा कंपन-सेन्सर बसवायचा होता. त्यासाठी रोटर स्थिर पाहिजे होता. डोमाजी म्हणाला होता, मॅडम, कूस बदलू द्या. ती म्हणाली होती, दोनच मिनिटं, काका. त्याच संध्याकाळी डोमाजीच्या घरी त्याच्या छातीत कळ आली, आणि आता उरली ती एकटी. तिसऱ्या दिवशी मशीन सुरू केलं तेव्हा ते थरथरलं. उद्या डोमाजीची तेरवी आहे. उत्पलाला अजून रडू आलेलं नाही. त्याचीही तिने मनात नोंद घेतली आहे, बाकीच्या आकड्यांसारखी.

एसी पुन्हा बंद होतो.

"काहून मॅडम, जेवल्या नाही का अजून?"

डोमाजी टर्बाइनशेजारच्या लोखंडी पेटीवर बसून तळहातावरच्या पन्नीत सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटतो आहे. अंगात कारखान्याचा खाकी शर्ट आहे, पाय अनवाणी आहेत. नाकात कापूस आहे. तो बोलतो तेव्हा कापूस हलत नाही, हे उत्पला बघते.

"काका, तुम्ही गेलात ना?"

"गेलो ना. तुम्हीच तर आल्या होत्या पोचवाले. सगळ्यात मागं उभ्या होत्या. घड्याळ पाहून राहिल्या होत्या."

"वेळ मोजत होते."

"किती लागला?"

"दोन तास वीस मिनिटं."

"म्हणजे भट्टी चांगली पेटली होती." तो खर्रा दाढेत धरतो. "आमच्या त्या बॉयलरवाल्या पोट्ट्यांना सांगा, असा जाळ पाहिजे म्हणा."

तिला हसू येत नाही. त्याला त्याचं वाईट वाटत नाही. तो उठून चालू लागतो आणि ती मागे जाते. टर्बाइनचं झाकण उघडं आहे, आत रोटरची जागा रिकामी आहे, तरी दोन्ही बाजूंना पाती आहेत, रांगेने, माणसाएवढी उंच. दोघं त्यांच्यामधून जातात. मग ती पाती म्हणजे तिच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेतली कपाटं असतात. काचेआड वजनं, लंबक, तापमापी. प्रत्येक कपाटावर चिठ्ठी चिकटवली आहे, आणि प्रत्येक चिठ्ठीवर 'व' किंवा 'ख' लिहिलं आहे. तीन कपाटं उघडी आहेत. त्यांच्यात काहीच नाही.

"इथं काय होतं?" उत्पला विचारते.

"काही नव्हतं. म्हणून तर काही लिहिलं नाही."

"खोटं लिहायचं ना, काका. तिन्ही घरं तिथल्या तिथे भरून टाकायची. कुणाला कळलं असतं?"

"मले."

"मग खरं तरी लिहायचं. माझं नाव."

"ते घर कूस बदलल्याचं आहे, बाप्पा. नावाचं थोडीच आहे? बदलली तर लिहायचं. नाही बदलली तर नाही." तो मागे वळून बघतो. "आणि तुमचं नाव मी काहून लिहू? तुम्हाला लिहिता येत नाही का? एवढ्या शिकल्या."

टोमणा आहे. तो असाच मारायचा, तोंड गंभीर ठेवून. तिने सेन्सरची पहिली पेटी उघडली तेव्हा म्हणाला होता, आता मशीनला ताप आला की हे तुमच्या मोबाइलवर सांगणार, अन् मी घरी बसून वाटाणे सोलणार. त्याच्याकडे एक सळई होती, पोलादी, टोकाला लाकडी मूठ. टोक बेअरिंगवर टेकवायचं, मूठ कानाशी धरायची आणि डोळे मिटायचे. त्यावरून तो सांगायचा, पुढचं बेअरिंग कुरकुरते आहे. आकडा तो कधीच सांगत नसे.

प्रयोगशाळेचं दार ढकललं की त्याच्या घराचं अंगण लागतं. सारवलेलं आहे. मध्ये खाट आहे आणि खाटेवर त्याची आई कुशीवर निजली आहे, वाळलेल्या शेंगेसारखी.

"चार वर्षं अशीच होती," डोमाजी म्हणतो. "अर्धं अंग गेलं होतं. दर दोन तासाला मी नाही तर माझ्या पोराची, रोशनची आई, कूस बदलत होतो. पाठीवर एक फोड नाही येऊ दिला. डॉक्टर म्हणे, तुम्ही नर्स लावली का? म्हटलं, नाही जी, मी टर्बाइनवर आहो."

"मला हे कधी सांगितलं नाहीत."

"तुम्ही कधी विचारलं? तुम्ही विचारत होत्या, काका, तेलाचं तापमान किती?"

खाटेवर आता आई नाही, तो स्वतः आहे. उताणा. खाकी शर्टाच्या वरच्या गुंडीशी खडूची एक रेघ आहे. उत्पला खाटेजवळ उभी आहे आणि तिच्या हातात घड्याळ आहे. अकरा वीस.

"चला," तो छताकडे बघत म्हणतो. अंगणाला छत नाही. "दहा मिनिटं झाले."

ती त्याच्या खांद्याखाली हात घालते. तो तापलेला आहे, बंद केल्यावर टर्बाइनची बाहेरची बाजू असते तसा, हात ठेवता येतो पण फार वेळ नाही. तिला वाटतं जड असेल. पण तो तेलावर असल्यासारखा सहज वळतो आणि त्याचं तोंड पलीकडे जातं.

"खूण कुठं आहे?"

"खाली."

"मग लिहा."

तिच्याकडे पेन नाही. ती सगळे खिसे चाचपते. अकरा तीस. ती त्याला पुन्हा वळवते. अकरा चाळीस. पुन्हा. पेन सापडत नाही, पण ती फेरा चुकवत नाही. कितीतरी वेळ असाच जातो. तिला दमल्यासारखं होत नाही, वाईटही वाटत नाही. हात तेवढे भाजत राहतात. एका फेऱ्याला त्याचं तोंड तिच्याकडे येतं तेव्हा ती म्हणते,

"साहेब म्हणतात, एका ओळीचं काम आहे."

"कोणती ओळ?"

"तुमचं नाव."

तो रागावत नाही. नुसता उठून बसतो, जसा चहाची वेळ झाल्यावर उठायचा, आणि खाटेखालून सळई काढतो.

"रोशन उद्या माझ्या तेरवीच्या पंगतीत वाढणार. अर्धा कारखाना जेवाले येणार. पोट्टा डाळ वाढत असताना लोक काय बोलतील, ते मला इथून ऐकू येते." मग जरा थांबून तो म्हणतो, "त्या दिवशी मी तुम्हाला किती वेळा बोललो होतो?"

"एकदा."

"बरं. ऐकून पाहा."

तो सळईचं टोक रिकाम्या बेअरिंगवर टेकवतो. ते परत टर्बाइनघर आहे, ऊन खिडकीच्या जाळीतून येतं आहे. लाकडी मूठ तो तिच्या उजव्या कानावर ठेवतो आणि दाबतो. थोडी जास्तच जोरात. नवीन पोरांना शिकवताना दाबायचा तशी.

आधी नुसती घुमघुम येते. मग तिचाच आवाज, लांबून, धातूतून आलेला.

दोनच मिनिटं, काका.

मग त्याचा, अस्पष्ट. मग परत तिचा. दोनच मिनिटं हो, काका. झालंच. मग स्क्रू पडल्याचा आवाज. काका, प्लीज, दोन मिनिटं. आणि मग बराच वेळ काहीच नाही. मग ती, चिडलेली: मला मोजता येतं, काका. दोन मिनिटं म्हणजे दोन मिनिटं.

"किती झाले?" डोमाजी विचारतो.

"चार."

"आकडा बरोबर आला," तो म्हणतो आणि मूठ तशीच दाबून धरतो.

एसी चालू आहे.

उत्पला डोकं उचलते. दोन वाजून एकेचाळीस मिनिटं. डावा हात बधिर झाला आहे, डाव्या गालावर घड्याळाच्या पट्ट्याचे ठसे आहेत. ते समजण्यासारखं आहे. ती उजवा कान चाचपते, कारण तो ठणकतो आहे.

मोबाइलच्या कॅमेऱ्यात ती बघते. उजव्या कानासमोर, अर्धा गालावर आणि अर्धा कानाच्या पाळीवर, एक लाल गोल वळ आहे. त्याची कड स्पष्ट आहे. ती बाजू वर होती. त्या बाजूला काहीही टेकलेलं नव्हतं. कपाची कड, टेपचं वेटोळं, पेनाचं टोपण, ती टेबलावरची एकेक वस्तू बघते. काही फार मोठं आहे, काही फार लहान. सळई डोमाजीच्या लॉकरमध्ये आहे, लॉकरला कुलूप आहे आणि किल्ली रोशन येईपर्यंत स्टोअरमध्ये जमा आहे.

ती ड्रॉवरमधून जाडी मोजायचा व्हर्नियर काढते, मोबाइल उभा करून ठेवते आणि दोन्ही जबडे हलकेच वळाच्या कडांना लावते. बावीस पूर्णांक चार मिलिमीटर.

मग तिला आठवतं आणि ती स्वतःची जुनी वही शोधते. नोकरीला लागल्याच्या दुसऱ्या आठवड्यात तिने गंमत म्हणून त्या सळईचं चित्र काढलं होतं, एखाद्या नव्या उपकरणाचं माहितीपत्रक असावं तसं. डोमाजीला दाखवलंही होतं. तो म्हणाला होता, फोटो चांगला काढला, पण मी कुठं आहो यात? चित्राखाली तिच्याच नेटक्या अक्षरात लिहिलं आहे: लांबी ६१० मिमी. मुठीचा व्यास २२.४ मिमी. अचूकता: संशयास्पद.

ती शेवटच्या दोन शब्दांवर एक आडवी रेघ मारते.

लॉगबुक टेबलावरच आहे. त्या तीन घरांना ती हात लावत नाही. त्यांच्या शेजारच्या समासात, निळ्या शाईने, लिहिते: ११.१० ते ११.४५ रोटर थांबवून ठेवला. सेन्सर बसवण्यासाठी, माझ्या सांगण्यावरून. डोमाजी येरगुडे यांनी चार वेळा हटकलं. खाली पूर्ण नाव, सही, आजची तारीख. मग तेच जसंच्या तसं अहवालाच्या रिकाम्या रकान्यात टाइप करते आणि पाठवते.

थोड्या वेळाने जिन्यावर पांढरीपांडे साहेबांचे बूट वाजू लागतात, जरा घाईने. उत्पला उठत नाही. ती वळावर बोट ठेवते. तो अजून गरम लागतो. निवायला किती वेळ लागेल, हे ती मोजत नाही.