दाजी, माइक आणि अब्दागिरी

जगातल्या कुठल्याही गावची जत्रा बघावी, पण आमचे दाजी ज्या गावात राहतात त्या गावची बघायला जाऊ नये. जत्रेत काही कमी आहे असं मुळीच नाही. इंदापूर तालुक्यात, कळसच्या अलीकडं, चारी बाजूंनी ऊस असलेल्या त्या गावात चैत्रात भैरोबाची जत्रा भरते तेव्हा पाळणे येतात, तंबूतला सिनेमा येतो, तमाशाची कनात लागते, पुठ्ठ्याच्या विमानात बसवून फोटो काढणारा येतो, गोडीशेवेचे ढीग लागतात आणि दुसऱ्या दिवशी कुस्त्यांचा फड रंगतो. सगळं असतं. फक्त दाजी ते बघू देत नाहीत.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. थोडा ऊस, दोन जर्सी गाई आणि तोंडपाठ असलेला जत्रेचा समग्र इतिहास एवढी त्यांची मिळकत. नव्वदच्या दशकात मी बारामतीत नोकरीला होतो आणि अक्काचा निरोप आला की बायकोमुलांना घेऊन दर चैत्रात एसटीनं तिकडं जायचो. एसटीतून पाय खाली टेकायच्या आत दाजी माझं मनगट धरायचे. पाणी नाही, चहा नाही. "पाव्हणं, आधी हितं उभं ऱ्हावा. हे भेळवालं बसलंय ना, तितं कालव्याच्या आधी बाभळीचं रान हुतं." दाजींच्या हिशेबी काळाचे दोनच भाग, कालव्याच्या आधी आणि कालव्याच्या नंतर. कोणतीही गोष्ट यातल्या कुठल्या भागात घडली हे कळल्याशिवाय ते माणसाला पुढं पाऊल टाकू देत नसत. भेळेच्या गाडीपाशी भेळवाल्याचा इतिहास, बांगडीवाल्यापाशी बांगडीवाल्याचा. भेळ मात्र कधी मिळाली नाही, कारण ती मिळायच्या आत आम्ही पुढच्या इतिहासाला निघालेलो असायचो.

एका वर्षी माझी मुलगी हट्टानं मोठ्या पाळण्यात बसली. पाळणा फिरायला लागला आणि तिची खुर्ची नेमकी वर आली असताना दाजींनी पाळणेवाल्याला हात केला. त्यानं बिचाऱ्यानं काहीतरी मोडलं असेल म्हणून पाळणा थांबवला. "पयला ह्यो पाळणा लाकडी हुता," दाजी म्हणाले, "आन् तुजा आजा तो छातीनं ढकलायचा. ठावं हाय का तुला?" त्याला ठाऊक नव्हतं. मग त्याला त्याच्याच आजोबांची हकिकत सुरू झाली. तिकडं पोरगी वर लटकून भोकाड पसरतेय, खाली मी ओरडतोय, आणि पाळणेवाला हात जोडून ऐकतोय. माझ्या बायकोनं त्या दिवसापासून पाळण्याचं नाव काढलं नाही आणि दाजींचंही फारसं काढलं नाही.

चुकीची माहिती तर त्यांना क्षणभर सोसायची नाही. माझ्या लग्नात कुणी वडीलधाऱ्यानं भाषणात आमच्या मूळ गावाचं नाव चुकवलं, तर दाजी पंगतीतून खरकट्या हातानं उठून माइकपर्यंत गेले आणि दुरुस्ती करूनच बुंदी खायला परत आले. अक्का म्हणायची, "तुज्या दाजींम्होरं स्वप्नबी सांगायची सोय न्हाय. त्यातलीबी चूक काढत्यात."

हा माणूस घरात किंवा फार तर रस्त्यावर बोलत असता तर एकवेळ चाललं असतं. पण कुस्त्यांच्या फडाचा माइक गावानं त्यांच्या हातात दिला होता. कोणी दिला, कधी दिला, हा इतिहास मात्र त्यांनी कधी सांगितला नाही. मैदानात पैलवान येऊन उभे राहिले, हलगी कडाडली, की दाजी सुरू व्हायचे, "मंडळी, ह्या फडाची माती कुठनं आली हाय..." आणि ते माती खणून, गाडीत भरून, ओढा ओलांडून आणेपर्यंत इकडं एक पैलवान चितपट होऊन, अंग झटकून, कपडे घालून चहाला गेलेला असायचा. कोण जिंकलं ते शेजारच्याला विचारावं लागायचं. शेवटी एका वर्षी मोठी कुस्ती झाली, बाहेरगावच्या पैलवानानं ती देखण्या डावावर मारली आणि फेटा बांधून घेऊन तो आपलं नाव कधी पुकारलं जातंय याची वाट बघत उभा राहिला. दाजी तेव्हा कालव्याच्या आधीच्या एका दुष्काळात होते. पैलवान रागानं फेटा सोडून जीपमध्ये बसून निघून गेला.

दुसऱ्या वर्षी मी एसटीतून उतरलो तर मनगट धरायला दाजींच्या ऐवजी जत्रा कमिटीचे आबा उभे. त्यांनी मला देवळामागं नेलं. "पाव्हणं, यंदा माइकला शिकलेला गडी आणलाय. दाजींस्नी सांगायचं कुनी? तुमीच सांगा. मेव्हण्याचा राग कुनी धरत न्हाय." माझा चेहरा बघून त्यांनी तोडगाही पुढं केला. बारामतीच्या शिंप्याकडून लाल मखमलीची, जरीची नवी कोरी अब्दागिरी शिवून आणली होती. देवाला सावली म्हणून ती दांड्याला लावून पालखीच्या पुढं धरायची. हा मान दाजींच्या घराला. "असला मान गावात हुता का कवा?" मी विचारलं. आबा म्हणाले, "न्हवता. आता सुरू करायचा."

त्या गावात पालखीभोवती मानाची दाटी आहे. एका घराचा पुढचा खांदा, दुसऱ्याचा मागचा, कुणाची दिवटी, कुणाची चवरी, कुणाचं पहिलं निशाण. कुणी काय धरायचं ते ठरलेलं, आणि दुसऱ्यानं त्याला हात लावला तर भांडण ठरलेलं. दाजी हे सगळे मान क्रमानं सांगायचे. त्यात त्यांच्या स्वतःच्या घराचं नाव नाही, हे इतक्या वर्षांत माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं.

दाजी गोठ्यात होते. माइकसाठी तोंडात खडीसाखर धरून बसलेले. मी एका दमात सगळं सांगून टाकलं. ते भडकतील म्हणून दाराजवळच उभा होतो. त्यांनी खडीसाखर गालात सरकवली.

"पाव्हणं, असला मान न्हाय आमच्या गावात."

"ठाऊक आहे दाजी."

"खोटा हाय त्यो."

"तुम्ही घेणार की नाही तेवढं सांगा."

गाईच्या पाठीवरून हात फिरवत ते म्हणाले, "आमचा आजा माणदेशातनं मेंढरं घिऊन हितं आला, कालवा झाल्यावर. तवर समदे मान वाटून झालं हुतं. पालखी आली की बा आमाला म्हनायचा, कडंला व्हा रं. समदं गाव तिला कुठं ना कुठं हात लावायचं. आमी निसतं बघायचो. बघून बघूनच पाठ झालं समदं."

एवढी वर्षं मी या माणसावर चिडत होतो.

संध्याकाळी ते धुतलेलं धोतर नेसून, पटका बांधून आले आणि अब्दागिरी धरून पालखीपुढं उभे राहिले. गुलालात मखमल भिजली, दांड्यानं खांदा सोलला, पण दाजी तोंडातून अक्षर काढीनात. दुसऱ्या दिवशी कुस्त्या वेळेवर झाल्या, नावं नीट पुकारली गेली. मी पहिल्यांदा सगळी जत्रा स्वस्थपणे बघितली, भेळही खाल्ली, आणि खरं सांगतो, मला करमलं नाही.

पुढं काही वर्षांनी दाजींचे गुडघे गेले. अब्दागिरी माझ्या भाच्याच्या हातात आली. त्या चैत्रात आम्ही दोघं ओसरीवर बसलो होतो आणि देवळावरच्या कर्ण्यातून तो शिकलेला निवेदक एकेक मान पुकारत होता. दाजींच्या घराचं नाव आलं आणि तो म्हणाला, "पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला हा अब्दागिरीचा मान!"

मी चमकून दाजींकडं बघितलं. आता हे काठी टेकत देवळापर्यंत जाणार आणि माइक हिसकावून घेणार, असंच मला वाटलं. ते जागचे हलले नाहीत. कर्णा पुढच्या नावाकडं गेला तरी ते तसेच कान लावून बसले होते. मग माझ्याकडं न बघता, हळूच, परीक्षेत नापास व्हायची भीती असलेल्या पोरासारखं त्यांनी विचारलं, "जुनाच म्हनायचा न्हवं, पाव्हणं?"

आयुष्यात पहिल्यांदा दाजी मला जत्रेचा इतिहास विचारत होते. मी म्हणालो, "व्हय दाजी. कालव्याच्याबी आधीचा हाय."