मिरची भरलेलं सरपण

नेलिदा मुरायारीच्या शेजारी मी तीस वर्षं राहिलो, तरी तिला ओळखलं असं म्हणायला जीभ कचरते. उकायाली नदीचा पूर ओसरला की गाळात कापिरोनाच्या झाडाची रोपं आपोआप उगवतात. नवरा गेल्यावर तिने तीच राखली, वाढवली, तोडून फोडून विकली. शहरातल्या कोंबडी भाजणाऱ्यांना हेच लाकूड लागतं, ओलंसुद्धा पेटतं.

सरपणाची रास काठावर रचायची आणि राखणीला कुणी बसायचं नाही, ही आमची रीत. राखण करणं म्हणजे शेजाऱ्याला चोर म्हणणं. माल शहरात नेणारी होडी एकच, लिसांद्रोची. त्याच्या मुलीच्या बाप्तिस्म्याला नेलिदा धर्ममाता होती, म्हणून तो तिला कोमाद्रे म्हणे, ती त्याला कोम्पाद्रे आणि त्याच्या बायकोलाही कोमाद्रे.

त्या वर्षी तिची रास खचू लागली.

"भाऊ, काल वरची ओळ माझ्या हनुवटीला लागत होती. आज छातीला लागतेय."

"तुला वाटत असेल," मी म्हणालो.

"मी एका रात्रीत वाढले का?"

तिचा संशय लिसांद्रोवर होता. पण नुसत्या संशयाने बोललं आणि त्याने होडी नाकारली, तर लाकूड काठावरच कुजणार. म्हणून तिने वरच्या ओळीतल्या पाच ओंडक्यांना गिरमिटाने भोकं पाडली, त्यांत आमची वाटाण्याएवढी पिवळी मिरची ठासली आणि वर चिखल लिंपला.

"आता बघते कोण खोकतं ते," मला एवढंच म्हणाली.

तिसऱ्या दुपारी लिसांद्रोची बायको देल्फिना हाताने नाक दाबत घराबाहेर पळाली. मागोमाग तो, डोळे पुसत. नेलिदा त्यांच्या दारासमोरच उभी होती. तिने देल्फिनाला विचारलं,

"काय हो कोमाद्रे, मासा करपला का?"

"मासा कसला! चुलीत सैतान शिरलाय!" देल्फिना खोकत म्हणाली.

"सैतान नाही, माझी मिरची आहे ती. माझ्या राशीतली."

लिसांद्रो म्हणाला, "मोठ्या बोटीच्या लाटेने तुमची रास कोसळली, कोमाद्रे. पाण्यातून वाहणारं लाकूड धरेल त्याचं, हे तुम्हालाही ठाऊक आहे. उरलेली रास मीच नीट रचून ठेवली."

"मग मला सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असता?"

"हेच, जे आत्ता म्हणतेय!"

"बघा!" देल्फिना म्हणाली. "उपकार करून वर हे!"

नेलिदा काठावर गेली. मीही गेलो. तिने खालची लाकडं चाचपली. ओली होती, पण आमच्याकडे दवाने सगळंच ओलं असतं. रचणी ती स्वतः रचते तशीच सरळ होती. ती मला म्हणाली, "खरं असेल हो. पण खोटं असतं तरी असंच दिसलं असतं."

गुरुवारी होडी लागली. तिने नेहमीसारखं सरपण चढवलं आणि मग स्वतःही चढली.

"जागा नाही, कोमाद्रे."

"लाकडांवर बसते, कोम्पाद्रे. माझीच आहेत."

त्याने इंजिन सुरू केलं. पुढची अकरा वर्षं प्रत्येक खेपेला ती अशीच गेली. वाटेत दोघं गप्पा मारत, तिने आणलेली उकडलेली केळी वाटून खात. शहर चार तासांवर आहे. तेवढ्या वेळात तिने त्याच्याकडे कधी पाठ केली नाही.