पाणी कुठवर येतं

आमच्या गोठ्याच्या भिंतीला कडुनिंबाची एक चौकट बरीच वर्षं टेकून उभी होती. ती आमच्या घराची होती. शेतातला निंब वादळात पडला, लाकूड वाया जाऊ नये म्हणून घरधन्यांनी सुताराकडून चौकट आधीच करून घेतली होती. घर मागून होणार होतं.

तेव्हा आम्ही देऊळघाटच्या पुढे एका लहान गावात, भासऱ्यांच्या घरात राहत होतो. भासरे म्हणजे घरधन्यांचे थोरले भाऊ. वाटणीत घर त्यांच्याकडे गेलं आणि आमच्याकडे तलावाकडचं शेत आलं. राहायला आम्हाला एक खोली दिली होती. अर्ध्या खोलीत त्यांच्या ज्वारीच्या कणग्या होत्या. त्याच खोलीत माझी दोन लेकरं झाली आणि त्याच खोलीत गेली. पहिला नऊ दिवसांचा होऊन गेला. दुसरी रडलीच नाही. जाऊबाई कधी काही बोलल्या नाहीत, पण त्यांची लेकरं माझ्याजवळ येऊन बसली की त्या त्यांना काहीतरी कामाचं निमित्त काढून हाक मारून घेत.

घरधन्यांना शेतात घर बांधायचं होतं. दोन खण आणि पुढे ओटा, एवढंच. जेवताना ते पाण्याचं बोट सारवलेल्या जमिनीवर ओढत आणि मला घर काढून दाखवत.

"ही चूल. ही न्हानी. अन दरवाजा तलावाकडं. सकाळी उठली की तुले पाखरं दिसतीन."

"पाखरं पाहू का भाकरी थापू?"

"दोनी कर ना. तुले कोन ना म्हनते?"

हिवाळ्यात तलावावर खरंच फार पाखरं उतरत. काठाच्या लव्हाळ्यात त्यांचा कलकलाट चाले.

पण तलाव सरकारी होता. त्याचं पाणी शहराला प्यायला जाई, म्हणून काठापासून ठरावीक अंतरात कोणाला बांधू देत नसत. तलाव भरल्यावर पाणी जिथवर येतं, तिथून ते अंतर मोजायचं. घरधन्यांनी बुलढाण्याला जाऊन अर्ज दिला. तिथल्या बाबूनं सांगितलं, आता महाराष्ट्र झाला आहे, पहिल्यासारखं कोणी कुठेही बांधायचं नाही, साहेब मोक्यावर येऊन पाहतील. तरी घरधन्यांना काळजी नव्हती. भर पावसाळ्यातही पाणी खालच्या बाभळींपर्यंतच येई आणि आमची जागा तिथून पुष्कळ वर होती.

त्या बाभळींजवळ आमच्या घरच्या बायकांच्या आसरा होत्या. शेंदूर लावलेले सात दगड. आसरा पाण्यातल्या देवी, त्या पाण्याकाठीच मांडतात. त्या रुसल्या की बाळंतिणीचं लेकरू नेतात असं म्हणतात. माझी दोन गेली तेव्हा सासूबाईंनी तेच सांगितलं. त्यांचे गुडघे धरले होते, त्यामुळे पूजा माझ्याकडे आली होती. दर शुक्रवारी मी हळदकुंकू आणि दहीभात घेऊन उतरत असे. दुसरं कोणी तिकडे जात नसे.

तिसऱ्या खेपेला मला आठवा महिना होता. पाऊस लागलेला, काळी माती, उतार. मी घसरले आणि एका हातावर पडले. पोटातलं लेकरू हलेपर्यंत तिथेच बसून राहिले. मग एकेक दगड ओच्यात घेतला आणि सातही वर आमच्या बांधावर, बोरीखाली आणून मांडले. म्हटलं, चुकलं असेल तर मला धरा, याला नको. हे मी कोणाला सांगितलं नाही. देव भगताला विचारल्याशिवाय हलवत नाहीत. सासूबाईंना कळलं असतं तर त्यांनी मला घरात घेतलं नसतं.

मुलगी झाली, आणि जगली. मग ते दगड परत खाली न्यायचा मला धीर झाला नाही.

उन्हाळ्यात साहेब आले. बरोबर तलाठी आणि साखळी घेतलेला कोतवाल. भासरेही होते. तलाव आटून मधोमध गेला होता, काठाला भेगा पडल्या होत्या. मी पिण्याचं पाणी घेऊन आले होते ती लेकीला खांद्यावर घेऊन बोरीच्या पलीकडे उभी राहिले.

साहेबांनी विचारलं, "पाणी कुठवर येतं?"

"थ्या बाभळीपर्यंत साहेब," घरधनी म्हणाले. "त्याच्या वर पानी म्या जलमात पाह्यलं नाही."

"जागा तुमची. तुम्ही तर असंच सांगणार." साहेब हसले. मग त्यांना दगड दिसले. "या आसरा ना? आमच्या गावीही आहेत. पाण्याच्या काठालाच मांडतात."

"हाव साहेब," कोतवाल म्हणाला. "पान्याबिगर त्या राहतच नाहीत."

"कोणी हलवल्या तर नाहीत?"

कोतवालानं कानाला हात लावला. "देव कोन हालवते साहेब? कोनाले आपलं वाटोळं करून घ्याचं हाय?"

सगळे हसले. भासरेही हसले.

मी भासऱ्यांसमोर तोवर एक शब्द बोलले नव्हते. त्यात परके साहेब. लाजेनं बोलले नाही, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. ते पूर्ण खरं नाही. लेक माझी पोत तोंडात घालून चोखत होती. मला वाटलं, मी बोलले तर हे दगड खाली नेतील, आणि मग हिचं काय होईल?

घरधन्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. तलाठ्यानं दगडांपासून साखळी धरली. आमची जागा हद्दीच्या आत आली.

पावसाळा सरल्यावर कागद आला. घरधन्यांना वाचता येत नव्हतं. ते चुलीजवळ येऊन बसले.

"वाच बरं."

मी अक्षर अक्षर लावून वाचलं. जागा तलावाच्या संरक्षित हद्दीत येत असल्यामुळे घर बांधण्यास परवानगी देता येत नाही. 'संरक्षित'वर मी दोनदा अडले.

"म्हंजे काय?"

"राखून ठेवलेली."

"कोनासाठी?"

मी कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी कागदाची घडी केली आणि आढ्यात खोचली. पुन्हा अर्ज द्या, असं मी म्हणून पाहिलं. "मोजलं ना त्याईनं," एवढंच म्हणाले. जमिनीवर बोटानं घर काढणं त्या दिवसापासून बंद झालं.

लेकीचं लग्नही त्याच खोलीतून झालं. वऱ्हाडी भासऱ्यांच्या ओट्यावर बसवले, तेही विचारून. तोवर चौकट खालून वाळवीनं खाल्ली होती.

लग्नानंतरच्या दिवाळीत आम्ही दोघं कमरेला कापडाचे वटे बांधून कापूस वेचत होतो. मी म्हटलं, "अवो, थ्या आसरा म्या वर आनल्या होत्या."

ते वेचतच राहिले. "मालूम हाय."

"कवापासून?"

"तू घसरली थ्या दिवशीपासून. म्या विहिरीवरून पाहून राह्यलो होतो. येतच होतो, तं तू उठली."

"मंग साहेबासमोर बोलले काऊन नाही?"

"दादा होता ना तठी. बुढीले समजलं असतं, तं तिनं तुले दारात उभं केलं असतं का?" पुढच्या झाडाकडे सरकत म्हणाले, "अन दगड खाली नेल्यावर पोरीले काही झालं असतं, तं?"

मी पदरात तोंड घालून रडले. ते म्हणाले, "चाल, वटा भरला तुहा. खाली कर."

त्यांना जाऊन आता तीन वर्षं झाली. त्या खोलीतच गेले. मागच्या हिवाळ्यात चौकटीचं उरलेलं लाकूड जाऊबाईंच्या सुनेनं चुलीत घातलं. मी नको म्हटलं नाही.

दर पावसाळ्यात तलाव भरला की मी बघायला जाते. एकदा तरी पाणी बोरीपर्यंत यावं, दगड ओले व्हावेत, असं मला वाटतं. म्हणजे साहेबांनी मोजलं ते बरोबर ठरेल, आणि घर झालं असतं तरी बुडालंच असतं असं म्हणता येईल. या वर्षी पाऊस खूप झाला. मी दोनदा जाऊन आले. पाणी बाभळींपर्यंतच आलं होतं.